आधी दुखतं की आधी अडतं?

मे महिना सरत आला, हापूसच्या शेवटच्या पेट्या मुंबईला रवाना झाल्या, की कुडाळ-कणकवलीकडे फिजिओथेरपीच्या टेबलांवर खांद्यांची रांग लागते. दुखणं तीन-चार महिने आधीच सुरू झालेलं असतं. पण हंगामात आंबे उतरवायचा झेला खाली ठेवून दवाखान्याची वाट धरायला सवड कोणाला? दिवसभर बाग, संध्याकाळी पेट्या भरायच्या, रात्री तेल चोळून झोपायचं. किनाऱ्यावरही तीच गत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा कुठे अंगाकडे बघायला वेळ मिळतो. तोवर खांदा नुसता दुखत नसतो, तो आखडलेला असतो.

तक्रारी ठरलेल्या. बायका सांगतात, "केस बांधूक हात जाणा नाय." पुरुष सांगतात, "मागच्या खिशातला पाकीट काढूक येणा नाय." आणि दोघंही सांगतात, "त्या अंगार निजाक येणा नाय." या तीन वाक्यांत निम्मं निदान असतं. केस बांधायला हात वर जाऊन बाहेर वळावा लागतो, पाकिटासाठी मागे जाऊन आत. आणि कुशीवर झोपताना होणारं दुखणं सांगतं की आतला दाह अजून जागा आहे.

अशा खांद्याला आम्ही हाताने जे करतो त्याला मोबिलायझेशन म्हणतात. लोक त्याला मालिश समजतात, काही जण हाड बसवणं समजतात. प्रत्यक्षात सांध्यातलं एक हाड स्थिर धरायचं आणि दुसरं त्याच्यावर काही मिलिमीटर सरकवायचं, इतकाच हा प्रकार आहे. ऐकायला सोपा. कस लागतो तो कुठल्या दिशेने, किती आणि कुठे थांबायचं हे ठरवताना.

पहिल्या दिवशी हात लावण्याआधी बरंच विचारावं लागतं. पडलात का? फिट आली होती का, विजेचा झटका बसला होता का? अशा वेळी खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत ते सहज नजरेतून सुटतं. तो हातही बाहेर वळत नाही, त्यामुळे दिसतो हुबेहूब आखडलेल्या खांद्यासारखा. संशय आला तर काखेच्या दिशेने घेतलेला एक्स-रे मागवायचा आणि तोवर खांद्याला हात लावायचा नाही. दुसरं, साखर. मधुमेह असलेल्यांत फ्रोजन शोल्डर, म्हणजे असा आपोआप आखडत जाणारा खांदा, कितीतरी जास्त आढळतो आणि सुटायला वेळही जास्त घेतो. थायरॉईडच्या रुग्णांतही तो जास्त दिसतो. चाळिशी ते साठीतलं माणूस, कुठे आपटलेलं नाही आणि खांदा आपोआप आखडत गेला, तर आम्ही एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी, करून आणायला सांगतोच. काहींना साखर असल्याचं या खांद्यापायीच कळतं. तिसरी गोष्ट, डावा खांदा घाटी चढताना दुखतो आणि बसलं की थांबतो, असं कोणी सांगितलं तर ते टेबल आमचं नाही. त्या माणसाने आधी हृदय तपासून घ्यायचं. ताप, वजन घटणं, कर्करोगाचा जुना इतिहास, सांधा लाल आणि गरम, यातलं काही असेल तरी आधी डॉक्टर.

मग तपासणी. आधी रुग्णाने स्वतः हात उचलायचा, मग तोच हात आम्ही उचलून बघायचा. त्याला जमत नाही पण आम्ही उचलला की पूर्ण वर जातो, तर बहुतेक वेळा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फाटलेलं असतं किंवा स्नायूला येणारी नस दुखावलेली असते. दोन्ही वेळा हात तिथेच अडतो, तर सांध्याचं आवरणच आकसलंय. नेमकी खूण मिळते ती हात बाहेर वळवताना. उताणं झोपवायचं, कोपर कमरेला टेकवायचं, ९० अंशांत वाकवायचं आणि पंजा बाहेर न्यायचा. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावून चांगल्या बाजूशी ताडून बघायचं. फ्रोजन शोल्डरमध्ये सर्वांत जास्त हीच हालचाल जाते, त्याखालोखाल हात बाजूने वर नेणं, आणि मग आत वळवणं. हा क्रम जुळला नाही तर निदानाचा पुन्हा विचार करावा. पाठीमागे अंगठा कुठवर पोचतो तेही लिहून ठेवतो: मागचा खिसा, कमर, ब्लाउजचा हूक. अंश रुग्णाच्या लक्षात राहत नाहीत, हूक राहतो.

हात वर नेण्याचं मोजमाप उभ्याने घेऊ नये. उभं माणूस कंबर मागे वाकवतं, खांदा कानाकडे उचलतं, आणि आपल्याला वाटतं हात वर गेला. निरोगी माणूस हात पूर्ण वर नेतो तेव्हा १८० अंशांपैकी साधारण १२० खांद्याच्या सांध्यात होतात आणि ६० फऱ्याच्या, म्हणजे पाठीवरच्या सपाट त्रिकोणी, हाडाच्या फिरण्यातून येतात. सांधा आखडला की फऱ्याचं हाड जास्तीचं काम अंगावर घेतं आणि मग मान-पाठ दुखायला लागते. म्हणून मोजताना एक हात फऱ्याच्या कडेवर हवाच.

आत घडतं ते असं. सांध्याभोवतीचं आवरण, ज्याला कॅप्सूल म्हणतात, आधी दाहाने सुजतं, मग जाड होतं आणि आकसतं. एरवी हात खाली असताना काखेकडच्या बाजूला त्याची सैल घडी असते. हात वर गेला की ती उलगडते. फ्रोजन शोल्डरमध्ये ही घडीच चिकटते. पुढच्या बाजूचा एक अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, आखूड होतो आणि हात बाहेर वळणं बंद पडतं. आजाराचे तीन टप्पे सांगतात: दुखण्याचा काळ साधारण २ ते ९ महिने, आखडलेला काळ ४ ते १२ महिने, आणि सुटण्याचा काळ ५ महिन्यांपासून अगदी दोन वर्षांपर्यंत. टप्पे एकमेकांत मिसळतात. तरी रुग्ण कुठल्या टप्प्यात आहे हे न ओळखता हात चालवला, तर सगळं बिघडतं.

ते ओळखायची रीत टेबलावरच कळते. रुग्ण उताणा, गुडघ्यांखाली उशी, म्हणजे पोट आणि कंबर सैल राहते. हात अंगापासून सुमारे ५५ अंश बाहेर आणि थोडा पुढे. या स्थितीत कॅप्सूल सर्वांत सैल असते. त्याचा हात पूर्णपणे आमच्या हातावर आणि कुशीत पेललेला हवा. स्वतःच्या हाताचं ओझं त्याला जराही पेलावं लागलं तर स्नायू आवळतात आणि आपण सांध्याऐवजी स्नायूशी झटत बसतो. मग हात सावकाश बाहेर वळवायचा आणि एकाच गोष्टीवर ध्यान ठेवायचं: आधी दुखतं की आधी अडतं?

अडण्याच्या आधीच दुखलं, तर दाह चालू आहे. ताणायचं नाही. दुखणं आणि अडणं एकदमच आलं, तर जपून, थोडा वेळ. आधी अडलं, आणि त्याच्यावर आणखी रेटा दिला की मग ताण जाणवला, तर आता कॅप्सूलवर काम करायला हरकत नाही. अडण्याची जातही हाताला कळते. कॅप्सूलचं अडणं चामडं ताणल्यासारखं असतं, घट्ट पण किंचित देणारं. स्नायूने आखडून धरलेला हात झटक्याने थांबतो आणि त्याखाली थरथर असते. हाड हाडाला लागलं तर एकदम टणक. हा टणकपणा लागला की तिथे जोर करायचा विचारही करू नये.

ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी या हालचालींच्या ग्रेड ठरवून दिल्या, त्या आजही जगभर वापरतात. पहिली ग्रेड म्हणजे हालचालीच्या सुरुवातीलाच अगदी छोटी झुलती हालचाल. दुसरी मोठी, पण अडण्याच्या जागेपर्यंत न जाणारी. तिसरी मोठी आणि अडण्याच्या आत शिरणारी. चौथी छोटी, पण शेवटच्या टोकावर. पाचवी म्हणजे झटका; फ्रोजन शोल्डरमध्ये तिचं काही काम नाही. आधी दुखणाऱ्याला पहिली-दुसरी, आधी अडणाऱ्याला तिसरी-चौथी. सेकंदाला दोन-तीन झोके, अर्धा ते एक मिनिट, मग थांबून पुन्हा मोजायचं. अशा दोन-तीन फेऱ्या. पुन्हा मोजण्याला फार महत्त्व आहे. दोन फेऱ्यांनंतर काहीच हललं नाही तर दिशा बदलायची, जोर वाढवायचा नाही.

दिशेचं गणित खांद्यापुरतं सांगतो. दंडाच्या हाडाचा गोळा फुगीर आणि तो ज्या खोबणीत फिरतो ती खोलगट. फुगीर भाग खोलगटावर फिरतो तेव्हा हाड वर जाताना गोळा खाली सरकतो. म्हणून हात वर नेता यावा यासाठी आम्ही गोळा खाली, पायांच्या दिशेने दाबतो. अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्याने, खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली लगेच. बेचकं टोकाच्या हाडावरच टेकलं तर फऱ्याचंच हाड खाली जातं, सांधा जागचा हलत नाही. नवशिक्यांचं इथेच चुकतं. दुसरा हात दंडाला धरून गोळा खोबणीपासून जरासा दूर ओढून ठेवतो. तेवढ्या ओढीने सरकवताना घासत नाही.

हात बाहेर वळावा यासाठी जुन्या नियमाप्रमाणे गोळा पुढे सरकवायला हवा. प्रत्यक्षात फ्रोजन शोल्डरमध्ये मागे सरकवल्याने जास्त फायदा होतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेतही असंच दिसलं आणि हातालाही तेच जाणवतं. तळहाताचा खालचा भाग गोळ्याच्या पुढच्या बाजूला ठेवायचा, शरीराचं वजन सरळ हातातून उतरवायचं, बोटांनी दाबायचं नाही. खोबण सरळ बाजूला तोंड करून नसते, सुमारे ३० अंश पुढे वळलेली असते. म्हणून दाब सरळ टेबलाच्या दिशेने न देता मागे आणि किंचित बाहेर द्यायचा. ही तिरकी दिशा साधली की रुग्ण आपणहून सांगतो, "आता बरा वाटता."

तेलाबद्दल सांगायलाच हवं. बरेच जण घरून खोबरेल चोळून येतात, कोणी निर्गुडीचा पाला शेकून येतात. शेक चांगला, त्याने स्नायू सैल होतात. पण तेलाच्या कातडीवर हाडाची पकड बसत नाही. हात निसटतो, म्हणून करणारा आणखी दाबतो, आणि दुखतं. त्यामुळे आधी टॉवेलने खांदा कोरडा पुसून घेतो. शेक दहा ते पंधरा मिनिटं पुरतो, पिशवी आणि अंग यांच्यामध्ये टॉवेलच्या घड्या. मधुमेहाने ज्यांच्या कातडीची जाणीव कमी झाली आहे त्यांना पिशवी किती गरम आहे ते कळत नाही आणि फोड येतो. अशांच्या घरच्यांनी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी.

रुग्णाच्या तोंडाकडे बघत काम करावं असं शिकवतात. आमच्याकडे पायांकडेही बघावं लागतं. "काकी, दुखला तर सांगा हां." "नाय गो बाय, कर तू." आणि तिकडे पायाची बोटं मुडपलेली, चांगल्या हाताच्या मुठीत चादर. मानाखातर आणि सोसण्याच्या सवयीने काकी दुखलं म्हणणार नाहीत. श्वास रोखला, बोटं मुडपली, की तेच उत्तर. हात मागे घ्यायचा, एक ग्रेड खाली उतरायचं.

सोसेल तेवढं ताणलं की लवकर सुटेल, ही समजूत घरोघरी आहे आणि काही उपचार करणाऱ्यांतही आहे. नेदरलँड्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७७ रुग्णांचे दोन गट पाहिले. एका गटाला दुखेल इतकं ताणून कसून व्यायाम दिले, दुसऱ्याला आजार समजावून सांगितला, वेदनेच्या आत राहून हात हलवायला सांगितलं आणि लक्ष ठेवलं. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता, पहिल्या गटात ६३ टक्के. कारण उमगण्यासारखं आहे. दाह चालू असलेलं आवरण ताणून दुखावलं की ते आणखी दाह करतं आणि आणखी जाड होतं. शिवाय दुखेल या भीतीने माणूस हात छातीशी धरून बसतं, म्हणजे उरलेली हालचालही जाते.

म्हणून एक नियम प्रत्येकाला देतो. उपचारानंतर थोडं ठणकणं चालेल, दोन-चार तासांत ते शमायला हवं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत दुखत राहिलं किंवा रात्रीची झोप आधीपेक्षा मोडली, तर मात्रा जास्त झाली. ती आमची चूक मानून पुढच्या वेळी कमी करायची असते; "पहिले काही दिवस असंच दुखतं" असं म्हणून पुढे रेटायचं नसतं. रात्रीचं दुखणं फारच असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडून सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्याने सुरुवातीच्या काळात चांगला उतार पडतो आणि मग हाताचं कामही सोपं जातं. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वर जाते, ती रोज तपासावी. त्या इंजेक्शनला घाबरून महिनोन्‌महिने झोप घालवण्यात अर्थ नाही असं आमचं ठाम मत आहे.

रोज या, असं आम्ही सांगत नाही. देवगडच्या खाडीपलीकडून एसटी बदलत येणाऱ्याला दहा मिनिटांच्या कामासाठी अख्खा दिवस घालवावा लागतो. आणि परतीच्या गर्दीत वरचा दांडा पकडून उभं राहिलं की दुखऱ्या हाताला गचके बसतात ते वेगळेच. आठवड्यातून दोनदा पुरतं, घरचं काम होत असेल तर. चांगल्या हाताने दांडा धरा, खिडकीकडची जागा दुखऱ्या बाजूने निवडा, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याचा धक्का लागत नाही.

घरचं काम म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. सकाळी एकदाच तासभर केलेल्या व्यायामाने दुखतं आणि उरलेला दिवस खांदा पुन्हा आखडतो. पहिला व्यायाम लोलकाचा, बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखला जाणारा. ‘फ्रोजन शोल्डर’ हे नावही त्यांनीच १९३४ साली रूढ केलं. चांगला हात टेबलावर किंवा पडवीच्या कठड्यावर टेकवून पुढे वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंग हलवून तो झुलू द्यायचा. अंग हलवून, हे महत्त्वाचं. बहुतेक जण खांद्याच्या जोरावर हात फिरवतात, मग तो लोलक राहत नाही. एक-दोन मिनिटं पुरे. ज्यांना वाकल्यावर चक्कर येते किंवा रक्तदाब आहे, त्यांनी टेबलाशी बसून पंचा पसरायचा, त्यावर हात ठेवून पुढे सरकवायचा.

हात बाहेर वळवायला छत्री उत्तम. कोकणात प्रत्येक घरात लांब दांड्याची एखादी असतेच. उताणं झोपून दोन्ही कोपरं कमरेशी, कोपर आणि अंथरूण यांच्यामध्ये गुंडाळलेला टॉवेल, छत्री दोन्ही हातांत आडवी. चांगल्या हाताने ढकलत दुखरा हात बाहेर न्यायचा, ताण लागला की दहा-पंधरा सेकंद थांबायचं, परत यायचं. दहा वेळा. कोपर कमरेपासून सुटलं तर तो व्यायाम झाला नाही. पाठीमागे टॉवेल ओढण्याचा व्यायाम लोकांना सर्वांत आवडतो, बहुधा त्यात काहीतरी करतोय असं वाटतं म्हणून. पण दुखण्याच्या टप्प्यात तोच सर्वांत जास्त भडका उडवतो. तो आम्ही शेवटी देतो.

झोपताना उताणं असाल तर कोपराखाली उशी, म्हणजे दंड मागे पडत नाही. कुशीवर असाल तर चांगल्या कुशीवर, दुखरा हात छातीपुढच्या उशीवर. हात गळ्यात बांधून ठेवू नका. घरच्या माणसाने हात धरून वर खेचू नये. त्याला मदत करायचीच असेल तर कोपर आणि मनगट खालून पेलून धरायचं, वर नेण्याचं काम रुग्णाने करायचं.

कोपराबद्दल वेगळं आणि कळकळीने लिहितोय. काजूच्या किंवा जांभळाच्या झाडावरून मूल पडतं, कोपरावरचं हाड मोडतं, तीन आठवड्यांनी प्लास्टर निघतं. कोपर अर्धवट वाकलेलं, सरळ होत नाही. मग आजी तेल गरम करते, किंवा हाडवैद्याकडे नेतात, आणि कोपर चोळून-ओढून सरळ करायचा प्रयत्न होतो. काही जण मुलाच्या हातात पाण्याची कळशी देऊन उभं करतात. हे कधीही करू नका. दुखावलेल्या कोपराच्या पुढच्या स्नायूत, चोळण्याने आणि जोराने ओढण्याने, हाड तयार होऊ शकतं. कोपर गरम होतं, सुजतं, आणि रोज वाढायला हवी ती हालचाल उलट कमी व्हायला लागते. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, काही आठवड्यांनी पांढरा ढग दिसतो. तोवर सांधा कायमचा अडलेला असू शकतो. प्लास्टरनंतर मुलाचं कोपर त्याच्या स्वतःच्या हालचालीने सुटतं: जेवणं, आंघोळ, शर्टाची बटणं, चेंडू. काही महिने लागतात. आम्हीसुद्धा त्या कोपराला बाहेरून जोर लावत नाही, मुलालाच वाकवायला-सरळ करायला लावतो आणि मोजत राहतो. हात वाकडा वाटला, बोटं बधिर झाली किंवा मूठ नीट वळत नसली तर मात्र लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे.

मनगटाचं थोडक्यात. पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, घसरून माणूस हातावर पडतं, मनगटाजवळ हाड मोडतं, सहा आठवडे प्लास्टर. आखडतात ती बोटं, आणि ती आखडतात फक्त न हलवल्यामुळे. प्लास्टर असतानाच पहिल्या दिवसापासून तासातासाला मूठ वळा-उघडा, आणि खांदाही दिवसातून चार वेळा वर न्या, नाहीतर प्लास्टर निघेपर्यंत खांदाही आखडून बसतो. प्लास्टरनंतर हात लाल-जांभळा, चकचकीत, घामेजलेला आणि नुसत्या कपड्याच्या स्पर्शानेही जळत असेल, तर ताणण्याचा हट्ट सोडून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

गुडघ्यात दिशेचा नियम खांद्याच्या उलट. इथे नडगीचं खोलगट हाड मांडीच्या फुगीर हाडावर फिरतं, म्हणून वाकवायला नडगी मागे आणि सरळ करायला पुढे सरकवायची. त्याआधी वाटी. पाय सरळ आणि मांडी सैल ठेवून वाटी पायांकडे सरकते का बघायचं. ती सरकली नाही तर गुडघा वाकणार नाही, कारण वाकताना ती खालीच जाते. सरकवताना बोटं वाटीच्या वरच्या कडेवर हवीत आणि दाब आडवा, पावलाच्या दिशेने. वाटी खाली हाडावर दाबली तर झीज असलेल्या गुडघ्यात कळ येते. जिने चढायला साधारण ९० अंश वाकणं लागतं, उकिडवं बसायला १२० च्या पुढे. पण आम्ही आधी पाहतो ते सरळ होणं. दहा अंशांची जरी कसर राहिली तर माणूस लंगडतं आणि मांडीचा स्नायू उभ्या उभ्या थकतो. घरी टाचेखाली उशी घेऊन गुडघा अधांतरी सोडायचा, पाच-दहा मिनिटं. उशी गुडघ्याखाली मात्र घ्यायची नाही, कितीही बरं वाटलं तरी.

झिजलेल्या गुडघ्यात मोबिलायझेशनने कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, परत येत नाही. दुखणं कमी होतं आणि त्या सैल झालेल्या वेळात मांडीचा व्यायाम करता येतो, फायदा तिथे आहे. मासे कापणाऱ्या बाईला विळी सोडायला सांगून उपयोग नाही. विळी उंच पाटावर आणि स्वतः बुटक्या स्टुलावर, इतकं बदललं तरी गुडघा दिवसभर पूर्ण दुमडून राहत नाही.

खांदा सुटत आल्याची खूण अंशांत नंतर दिसते, झोपेत आधी. रात्र सलग जाते, मग हात खिशाला लागतो, मग केसांना. बाहेर वळणं सर्वांत शेवटी येतं आणि काहींच्यात थोडं कमीच राहतं, विशेषतः मधुमेहींमध्ये. दोन-तीन महिने नीट काम करूनही मोजमाप तसूभर हललं नाही, तर पुढचे उपाय अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलावेत. भूल देऊन सांधा सोडवणं किंवा दुर्बिणीतून कॅप्सूल मोकळी करणं हे त्यात येतं, आणि त्यानंतर पुन्हा हेच हाताचं काम लगेच दुसऱ्या दिवसापासून सुरू करावं लागतं.

उपचार थांबवताना छत्रीचा व्यायाम आठवड्यातून तीन-चारदा चालू ठेवायला सांगतो. त्याच खांद्याला हा आजार पुन्हा होणं विरळा, पण काहींच्या दुसऱ्या खांद्याला पुढच्या काही वर्षांत होतो. त्या अंगावर झोपताना दुखायला लागलं, हात बाहेर वळवताना कळ आली, तर आंबे उतरेपर्यंत थांबू नका, मोहोर असतानाच या.